वाचकांचे प्रश्न : काळ्या कातळातली भोकं आणि दगड पोखरणारा शिंपला

प्रश्न (कराड) : शेतातल्या विहिरीचं काम चालू असताना निघालेल्या काळ्या दगडात बोटभर जाडीची भोकं आहेत. काहींत पांढरा भरणा दिसतो. लिथोफागा नावाचा समुद्री शिंपला दगड पोखरतो असं वाचलं. ही त्याचीच जीवाश्म भोकं असतील का?

उत्तर : नाहीत. लिथोफागा दगड घासून पोखरत नाही. अंगातून पाझरणाऱ्या स्रावाने तो चुना विरघळवतो, त्यामुळे चुनखडक, संगमरवर, प्रवाळ किंवा जाड शिंपले एवढंच त्याच्या आवाक्यात येतं. बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर, त्याचं काही चालत नाही. त्यातून आपला कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा आहे, समुद्राच्या तळाचा नव्हे.

तुमची भोकं लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची आहेत. खात्रीसाठी एक दगड फोडून पाहा. बुडबुडे दगडाच्या पोटातही सापडतात, चहूबाजूंनी बंद. पोखरणाऱ्या प्राण्याचं भोक मात्र पृष्ठभागावर उघडणारच, कारण आतून त्याला पाणी ओढायचं असतं. त्याचं तोंड अरुंद आणि आतला भाग फुगीर, बाटलीसारखा. प्राणी लहानपणी शिरतो आणि आत वाढतो, मग बाहेर पडणं नाहीच. फसगत होते ती नळीसारख्या बुडबुड्यांनी. लाव्हाच्या थराच्या तळाशी ते बोटं उभी केल्यासारखे ओळीने असतात. आतही त्यांची जाडी जवळपास तेवढीच राहते, कधी दोन नळ्या वर जाऊन एक होतात. नदीपात्रातले रांजणखळगे हा तर तिसराच प्रकार. ते गोट्यांच्या घुसळणीने होतात.

पांढरा भरणा खरवडून त्याची भुकटी करा आणि वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट (चुन्याचं खनिज), नाही तर बहुधा झिओलाइट (बुडबुड्यांच्या पोकळीत वाढणारं दुसरं खनिज) किंवा गारगोटी. गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही. फसफसलं म्हणजे शिंपला, असा निष्कर्ष मात्र काढू नका. कॅल्साइट आपल्या कातळात भरपूर आहे. शिंपल्याच्या तुकड्यावर वाढीच्या बारीक वळ्या दिसायला हव्यात.

प्रश्न (मिरज) : जुन्या पुस्तकात ‘लिथोडोमस’, नव्यात ‘लिथोफागा’, आणखी कुठे ‘लिओसोलेनस’. नक्की काय लिहायचं? आणि जीवाश्मांत ही प्रजाती (जीनस) ओळखायची कशी?

उत्तर : लिथोफागा हे नाव रोडिंगने 1798 मध्ये दिलं. लिथोडोमस हे क्यूव्हिएचं नाव त्यानंतरचं, म्हणून आता मागे पडलं. दोन्ही एकच. लिओसोलेनसचं तसं नाही. कार्पेंटरने 1857 मध्ये केलेला हा गट पुष्कळ दिवस लिथोफागाची उपप्रजाती म्हणून चालला. आता बरेच अभ्यासक त्याला स्वतंत्र प्रजाती मानतात. त्याच्या शिंपल्यावर, विशेषतः मागच्या टोकाला, चुन्याचं पुट चढतं आणि टोकापुढे आलेलं दिसतं. खऱ्या लिथोफागावर ते नसतं. शिंपला तपकिरी, लांबट, थेट खारकेसारखा. कुल मायटिलिडी, गण मायटिलिडा. म्हणजे कोकणातल्या शिणाण्यांचा हा भाऊबंदच.

जीवाश्मांत पंचाईत अशी की बहुतेक वेळा शिंपला जातो आणि भोक राहतं. अशा बाटलीसारख्या भोकाला ‘गॅस्ट्रोकीनोलाइट्स’ हे वेगळं नाव आहे. ते खुणेचं नाव, प्राण्याचं नव्हे. फोलॅडिडी कुलातले शिंपले आणि गॅस्ट्रोकीनासारखे इतरही तशीच भोकं करतात. तेव्हा नुसत्या भोकावरून वहीत ‘लिथोफागा’ लिहू नका. आत शिंपला मिळाला तरी तो भोकात घट्ट बसतो का ते बघा. रिकाम्या भोकात दुसरेच शिंपले भाडेकरूसारखे येऊन राहतात, आणि ते सैल बसतात किंवा वेडेवाकडे वाढतात. या गटाचे शिंपले ट्रायासिक काळातल्या (20 कोटी वर्षांहून जुन्या) प्रवाळांतही मिळाले आहेत, पण इतक्या जुन्या नमुन्यांची प्रजाती ठरवताना हात राखूनच लिहावं.

लिथोफागाची सर्वांत नावाजलेली भोकं मात्र जीवाश्म म्हणावीत इतकी जुनी नाहीत. इटलीत नेपल्सजवळ पोत्झुओलीला रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. या बाजारपेठेला पूर्वी चुकून सेरापिस या देवाचं मंदिर म्हणत. खांब तळापासून साधारण 3.6 मीटर गुळगुळीत, त्यावर सुमारे 2.7 मीटरचा पट्टा पोखरलेला, आणि वर पुन्हा साफ. खालचा भाग गाळात गाडला गेला होता, मधला समुद्राच्या पाण्यात होता. जमीन खचली आणि पुन्हा वर आली, याचा हा पुरावा भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या 1830 च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाआतल्या चित्रातच छापला.

प्रश्न (सांगली) : कृष्णेतले शिंपले याच जातकुळीतले का?

उत्तर : नाही. ते बहुतेक लॅमेलिडेन्स किंवा पॅरेसिया, गण युनिओनिडा. त्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात; समुद्री शिणाण्यांची पिल्लं पाण्यात मोकळी तरंगतात आणि मोठेपणी धाग्यांनी खडकाला धरून राहतात. कृष्णेचा मोठा शिंपला गाळात रुतून बसतो, त्याला असे धागे सापडणार नाहीत.