रुक्मिणीला हाक कोणत्या नावाने मारावी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले आणि रात्री पुन्हा वाचले. मुलीचे नाव रुक्मिणी ठेवायचे हे तुम्ही दोघांनी ठरवले आहे. पणजीचे नाव आहे, त्याला माझ्या संमतीची गरज नाही. घोळ झाला आहे तो हाकेच्या नावाचा. सासूबाईंना ‘रखमा’ गावंढळ वाटते, तुझ्या बहिणीने ‘रिकी’ सुचवले आहे, ऑफिसातल्या मैत्रिणींना ‘मिनी’ सोयीचे वाटते, नवऱ्याला ‘रुमी’ आवडते आणि बंगळूरच्या तुमच्या शेजारच्या तमिळ आजी तर कोणालाही न विचारता बाळाला ‘रुक्कू’ म्हणू लागल्या आहेत. या सगळ्यांच्या मतांनी तू इतकी गोंधळलीस की आता मूळ नावच बदलावे का, असे शेवटच्या ओळीत लिहून बसलीस. ती ओळ वाचून मला राग आला, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

माझे म्हणणे एकच आहे: लाडाच्या नावातून मूळ नाव ऐकू आले पाहिजे. नाव कितीही छोटे करा, त्यातले जोडाक्षर मोडा, शेवटी ऊ लावा की ई लावा, पण अनोळखी माणसाच्या कानावर ती हाक पडली तर मुलीचे नाव काय असावे याचा त्याला अंदाज करता यावा. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. यशोदेची येसू झाली, द्रौपदीची धुरपदा झाली, गोदावरीची गोदू झाली, आणि यांतल्या एकीचेही नाव हरवले नाही. गोदावरी परुळेकर 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्यात उतरल्या, पुढे त्या सर्वांच्या गोदूताई झाल्या, आणि सोलापूरजवळ विडी कामगार बायकांची जी मोठी वसाहत उभी राहिली तिलाही गोदूताईंचेच नाव दिले गेले. घरगुती वाटणारी ही हाक चळवळीच्या फलकावरही शोभली, कारण तिच्या आत गोदावरी होती.

आता तुझी यादी घेऊ. ‘रिकी’ बाद. त्यात रुक्मिणी कुठेही नाही, आणि नवे वाटते एवढ्या एका कारणाने ते ठेवू नये. ‘मिनी’ला माझा विरोध थोडा सौम्य आहे, कारण ते निदान नावाच्या शेपटातून निघाले आहे, पण मीनाक्षी, मृणालिनी, पद्मिनी यांपैकी कोणीही मिनी होऊ शकते, म्हणजे ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘रुक्कू’ मात्र मला मनापासून आवडले. तमिळ घरांत रुक्मिणीला असेच हाक मारतात. क दुप्पट केला, म गाळला, तरी नाव जसेच्या तसे ऐकू येते. तुला ते विचित्र वाटते, कारण तुझ्या कानाला त्याची सवय नाही. परक्या मुलखात शेजारीण तुझ्या मुलीला तिच्या नावातूनच निघालेली हाक मारते आहे, याचा तुला आनंद व्हायला हवा होता.

आणि ‘रखमा’. इथे मी जरा थांबणार आहे. गावंढळ म्हणजे काय, हे तू सासूबाईंना विचारले नाहीस, विचारूही नकोस. पण स्वतःच्या मनातून तो शब्द काढून टाक. बोलणाऱ्यांच्या जिभेने रुक्मिणीतला क्म सोडवून रखुमाई केले, आणि पंढरपूरच्या वाटेवर चालणारा वारकरी तिला याच नावाने हाक मारतो. ज्ञानेश्वरांच्या आईचे नाव रुक्मिणी, आणि त्यांच्या अभंगांची मुद्रा, म्हणजे शेवटी येणारी सही, ‘बापरखुमादेवीवरु’ अशी आहे. म्हणजे संस्कृत जाणणाऱ्या त्या माणसाला मायबोलीतले हे रूप मुळीच कमी प्रतीचे वाटले नव्हते. विदर्भाच्या राजकन्येने शिशुपालाशी ठरवलेले लग्न नाकारून कृष्णाला स्वतः पत्र पाठवले, ही भागवतातली कथा तुला माहीत आहे. तिचेच नाव साध्या रूपात वागवणाऱ्या रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारले, 1885 मध्ये टोपणनावाने वर्तमानपत्राला पत्रे लिहिली, 1887 मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर 6 महिने तुरुंगात जा असे सांगितले तेव्हा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, आणि पुढे लंडनला जाऊन डॉक्टर होऊन सुरत आणि राजकोट इथल्या बायकांवर वर्षानुवर्षे उपचार केले. या नावाला कोणी गावंढळ म्हणावे आणि तू गप्प बसावेस, हे मला सहन होत नाही.

मी इतकी हट्टी का झाले, तेही सांगते. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते. लग्नात दोघींची नावे बदलली, आणि इतिहासात दोन्ही यमुना तळटिपेपुरत्या उरल्या. माझे नाव भागीरथी होते. वडील ‘भागू’ म्हणत, भाऊही तेच म्हणे. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले; त्या काळात ती रीतच होती आणि मला कोणी विचारले नाही. पेन्शनच्या कागदावर तेच नाव आहे, त्याच नावाने तुम्ही मला ओळखता, आणि त्या नावाशी माझे वैर नाही. पण त्या नावातून भागू निघत नाही. वडील गेले, नंतर भाऊ गेला, आणि आता मला त्या नावाने हाक मारणारे कोणी राहिलेले नाही. नव्या नावात जुन्याचे एखादे अक्षर जरी असते तरी एवढी हळहळ मला वाटली नसती.

म्हणूनच शाळेत मी हजेरी पूर्ण नावानेच घेत असे, आणि त्यावरून पालकांचे बोलणे ऐकत असे. पहिलीच्या वर्गात एक अन्नपूर्णा होती. घरी सगळे तिला ‘बेबी’ म्हणत. मी नाव पुकारले तरी ती इकडेतिकडे पाहत राहिली, कारण ते आपले नाव आहे हेच तिला ठाऊक नव्हते. तिच्या आईने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की मुलगी बुजते, बाईंनी बेबीच म्हणावे. मी ऐकले नाही. तिला घरी ‘अन्नू’ किंवा ‘पूर्णी’ म्हणत असते तर ती पहिल्याच दिवशी ‘हजर’ म्हणाली असती. लोक मला कडक म्हणाले. आजही मी तेच करीन, कारण सहा वर्षांच्या मुलीला स्वतःचे नाव परके वाटावे यात बाईंचा कडकपणा कुठे आला?

लाडाचे नाव एकच असावे असा माझा आग्रह मुळीच नाही. आजीची रखमा, शेजारच्या आजींची रुक्कू, काकाची रुकू, असे चार जणांनी चार हाका मारल्या तरी बिघडत नाही. लहान मुलांना ते सहज कळते. चारही हाका रुक्मिणीकडे परत आल्या पाहिजेत, एवढे मात्र मी पुन्हा पुन्हा सांगेन. म्हणून ‘रुमी’बद्दल मी नवऱ्याचे मन मोडणार नाही. त्यात रु आहे, मि आहे, मधला क आणि शेवटची णी तेवढी गेली आहे; माझ्या कसोटीला ते जेमतेम उतरते. पण त्याने रोज निदान एकदा पूर्ण नावाने हाक मारावी.

बारशाला आत्या कानात नाव सांगेल तेव्हा तिला ‘रुक्मिणी’ एवढेच सांगायला लाव. रुमी आणि रुक्कू त्या दिवशी नकोत. जन्मदाखल्यावरही पूर्ण नावच घाल. नाव नंतरही नोंदवता येते, वर्षभर त्याला शुल्कही पडत नाही, पण तू ते लांबवू नकोस, कारण लांबले की घरात पुन्हा मते सुरू होतील. आणि इंग्रजी स्पेलिंगवर दोघांचे एकमत आधी करून घ्या. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत पुढे तेच जाते, आणि दुरुस्तीसाठी राजपत्रापर्यंत धावाधाव करावी लागते.

तुझ्या,
बाई