बाहेर वळीव आणि सिममध्ये लख्ख ऊन

प्रश्न : मी फ्लाइटगिअरवर (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर, म्हणजे सिम) आपलं होटगी रोडचं विमानतळ लावून सेसना १७२ हे छोटं विमान उडवतो. लाइव्ह वेदर, म्हणजे बाहेरचं खरं हवामान, चालू असतं, नेटही बरं आहे. पण परवा संध्याकाळी वळीव असला कोसळत होता, म्हटलं लाइट जायच्या आत त्यात एक राउंड मारू, तर स्क्रीनवर ढगाचा पत्ता नाही. माझं काय चुकतंय? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये हो. सिमला तुमची खिडकी दिसत नाही, त्याला फक्त मेटार दिसतो. मेटार म्हणजे विमानतळावरून निघणारा हवामानाचा रिपोर्ट, मोठ्या विमानतळांवरून साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने येतो. निवडलेल्या विमानतळाचा ताजा रिपोर्ट मिळाला नाही की फ्लाइटगिअर जवळपासचा दुसरा उचलतं, आणि तो बराच लांबचाही असू शकतो, पुणंच घ्या, अडीचशे किलोमीटर. वळीव तर असा की सात रस्त्याला गटारं तुंबलेली आणि अक्कलकोट रोडला धूळ उडतेय, तो लांबच्या रिपोर्टात कुठून येणार?

म्हणून आधी वेदरच्या खिडकीत जाऊन रिपोर्ट कुठला आणि कितीचा आहे ते बघा. वेळेपुढे झेड असतो, ती युटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे ११३०झेड म्हणजे आपले संध्याकाळचे ५. बरेच जण इथेच फसतात आणि रिपोर्ट शिळा आहे म्हणून ओरडतात.

आणि वळीवच पाहिजे असेल तर त्याच खिडकीत लाइव्ह डेटाच्या जागी मॅन्युअल इनपुट निवडा आणि खिडकीबाहेर बघून स्वतःच मेटार लिहा (टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं, इथे देवनागरीत देतोय): व्हीएएसएल १५११३०झेड २४०१८केटी ३००० टीएसआरए बीकेएन०३० २६/२२ क्यू१००५. व्हीएएसएल हा सोलापूरचा कोड, १५ तारीख, २४० अंशांकडून १८ नॉटचा वारा, ३००० मीटर दिसतंय, गडगडाटासह पाऊस, आकाशाचे आठातले पाच ते सात भाग झाकलेले, तापमान २६, दवबिंदू २२, हवेचा दाब १००५. ढगाचा आकडा शंभर फुटांत असतो आणि विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेला, म्हणजे ०३० म्हणजे ३००० फूट. पण आपली जमीनच समुद्रसपाटीपासून दीड हजारावर, त्यामुळे ढगात शिराल तेव्हा अल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र) साडेचार हजार दाखवेल. गोंधळू नका. मला विचाराल तर लाइव्हपेक्षा हाच खेळ भारी, कारण आठवडाभर हाताने लिहिलंत की मेटार वाचायला वेगळा क्लास लावायला नको.

प्रश्न : वारा २७० लिहिलाय म्हणजे पश्चिमेला चाललाय ना? मग मी मुंबईला उतरतो तेव्हा विमान रनवे संपला तरी थांबत का नाही? – एक कॉलेजकुमार, होटगी रोड

उत्तर : उलटं आहे भावा. आकडा वारा जिकडून येतो त्याचा असतो. २७० म्हणजे पश्चिमेकडून, पावसाळ्यात मुंबईला बहुतेक वेळा तसाच असतो, म्हणून रनवे २७ वर (२७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून) उतरायचं, वारा तोंडावर घेऊन. तू ०९ वर, म्हणजे त्याच रनवेवर उलट्या बाजूने, पाठीवर वारा घेऊन उतरतोयस, थांबेल कसं?

प्रश्न : रिअल वेदर लावलं की विमान जमिनीवर उभं असतानाच अल्टिमीटर १८०० फूट दाखवतो. बिघडलाय का? – तेच जुळे सोलापूरवाले वाचक

उत्तर : नाही, त्याला आजचा दाब सांगितलेला नाही. तो १०१३ या ठरलेल्या प्रमाण दाबावरच अडकलाय आणि हवा १००५ ची आहे. एका आकड्याला साधारण २८ फूट, आठाचे सव्वादोनशे, ते आपल्या जमिनीच्या उंचीवर चढले, झाला हिशेब. रिपोर्टातल्या क्यू पुढचा आकडा अल्टिमीटरच्या नॉबने लावा (मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कीबोर्डवरचं बी दाबलं की आपोआप लागतो). कंटाळा करू नका, कारण तुम्ही आहात त्यापेक्षा तो तुम्हाला वर दाखवतोय, आणि रात्री ढगातून उतरताना ते सव्वादोनशे फूट फार महागात पडतात.

आणि हो, मे महिन्यात दुपारी ४२ डिग्रीत सेसना उठतच नाही अशी तक्रार तुमच्याच पत्रात खाली होती. इतक्या उन्हात हवा एवढी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, पंखाला बळ कमी, इंजिनालाही. टाकी अर्धी ठेवा, मागच्या सीटवरची माणसं उतरवा आणि सकाळी सहाला निघा, पण फक्त सिमचं घड्याळ मागे फिरवून भागणार नाही, वेदर लाइव्ह असेल तर तापमान दुपारचंच राहील.