शंका आणि समाधान : भजनाची वही आणि प्रयोगशाळा

प्रश्न : माझा भाचा माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पीएच.डी. करतो. माझ्या मुलीने मराठी विषय घेऊन एम.ए. केले असून तिला कलिन्याच्या विद्यापीठ संकुलात प्रवेश घेऊन लालबाग-परळमधील भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्यांवर काम करायचे आहे. भाचा रात्री अकरापर्यंत प्रयोगशाळेत असतो, त्याच्याकडे यंत्रे आहेत, आलेख आहेत. मुलगी खांद्याला पिशवी अडकवून चाळीचाळींतून वह्यांचे फोटो काढत हिंडते. घरातील मंडळी विचारतात, याला संशोधन म्हणायचे की छंद? मला उत्तर देता येत नाही.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : घरातील मंडळींना प्रथम ‘संशोधन’ या शब्दाकडेच पाहायला सांगावे. शुद्ध करणे या अर्थाच्या ‘शुध्’ धातूपासून तो आला आहे. आपण आजही ‘संशोधित आवृत्ती’ असे म्हणतो, तेव्हा नकला करणाऱ्यांच्या हातून बिघडत गेलेला मजकूर तपासून नीट केला आहे, असेच आपल्याला म्हणायचे असते. म्हणजे शब्दाच्या दृष्टीने पाहिले, तर आपली कन्या भाच्यापेक्षा मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. सत्तेचाळीस वर्षे चाललेल्या या कामाला छंद म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

या कामाची रीत थोडी उलगडून सांगतो, कारण ती कळली की घरातील बराचसा वाद आपोआप मिटेल. समजा, दोन वह्यांत एकच अभंग आहे आणि दोन्हींत तो अगदी सारखा व शुद्ध उतरवलेला आहे. यावरून त्या वह्यांच्या नात्याविषयी काहीच सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलेला असू शकतो. परंतु दोन्ही वह्यांत एकाच चरणात एकच विचित्र चूक असेल, तर त्या एकमेकींवरून किंवा एकाच तिसऱ्या वहीवरून उतरवल्या असण्याचा संभव फार वाढतो. अशा समाईक चुका गोळा करीत गेले, की वह्यांची वंशावळ मांडता येते. कोणत्या मंडळाने कोणाकडून भजने घेतली आणि मालवण किंवा संगमेश्वर भागातील एखाद्या बुवांची गायकी कोणत्या चाळीत पोहोचली, याचे धागे तिच्यातून हाती लागू शकतात. जीवशास्त्रज्ञ सजीवांच्या जाती-पोटजातींची वंशावळ मांडताना समाईक उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत घडलेले बदल, शोधतात, तेव्हा ते याच तर्काने चालतात. कलिन्यातच जीवशास्त्र विभागही आहे. मुलीने एखाद्या दुपारी तेथे जाऊन हे विचारावे, असे मी आवर्जून सुचवीन.

एक अडचण मात्र भजनाच्या वह्यांत आहे, जी महाभारताच्या पोथ्यांत इतकी तीव्र नसते. वही ही गाणाऱ्याच्या आठवणीला दिलेला आधार असते, संपूर्ण नोंद नव्हे. डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांमधील सवाल-जवाबाच्या, सामन्यात समोरच्या बुवांना ऐनवेळी रचून दिलेले उत्तर वहीत बहुधा येतच नाही, आणि आपल्याला चूक वाटणारा शब्द गाणाऱ्याने चालीसाठी जाणूनबुजून बदललेला असू शकतो. त्यामुळे फोटो काढून भागणार नाही. वही कोणी लिहिली, केव्हा, कोणाच्या तोंडून ऐकून, ही माहिती प्रत्येक वहीबरोबर त्याच दिवशी नोंदवावी लागेल, आणि जी मंडळी अजून गातात त्यांचे गाणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे लागेल.

आता भाच्याकडे वळू. त्याने एखाद्या अभिक्रियेतून अमुक टक्के उत्पादन मिळाले असा दावा केला, तर तेच द्रव्य, तेच तापमान आणि तोच काळ ठेवून जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत तो दावा पुन्हा तपासता आला पाहिजे. मुलीला प्रयोग पुन्हा करता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी रंगलेला सामना परत रंगवता येत नाही. तिच्या बाबतीत वाचकाला त्याच वह्यांपर्यंत जाऊन तिचे वाचन तपासता आले पाहिजे, म्हणून तिने वह्यांना क्रमांक देणे, प्रती कोठे ठेवल्या हे सांगणे आणि शंकास्पद अक्षर शंकास्पद म्हणूनच दाखवणे बंधनकारक आहे. पडताळा दोघांनाही द्यावाच लागतो, फक्त पडताळ्याची वाट वेगळी. चुकीचा हिशेबही वेगळा आहे : भाच्याचा प्रयोग फसला तर ते त्याला आठवड्याभरात कळते, मुलीला मात्र दोन वर्षांनी कळते, की सर्वांत महत्त्वाची वही चाळीच्या पुनर्विकासाच्या वेळी रद्दीत गेली. माझ्या मते यांतले दुसरे काम अधिक जिकिरीचे आहे, पण हे माझे मत झाले. भाचा ते मान्य करणार नाही आणि त्याने करूही नये.

शेवटी एक गोष्ट, जी घरात सांगायला आपल्याला आवडेल. माटुंग्याची संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झाली, आणि आरंभीच्या काळात तेथे कापडाचे रसायनशास्त्र व रंगद्रव्ये यांना मोठे स्थान होते, कारण शहरात कापडगिरण्या होत्या. तेथील पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांच्या रसायनाचे जगन्मान्य अभ्यासक होते. त्याच गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणातील आणि घाटावरील माणसांनी पाळी संपल्यावर जी भजने म्हटली, त्यांच्या वह्या आपली मुलगी शोधते आहे. मामेभाऊ आणि आतेबहीण एकाच गिरणीच्या दोन दारांशी उभे आहेत.

प्रश्न : विद्यापीठांतील बहुतेक संशोधन कोणाच्याही उपयोगाचे नसते. करदात्यांच्या पैशातून असे विषय का चालवावेत?
– एक निवृत्त वाचक, दादर

उत्तर : आपला राग मी अर्धा मान्य करतो. ज्यांत प्रश्नच नाही, केवळ माहितीची जंत्री आहे असे प्रबंध मी बरेच वाचले आहेत, आणि ते सर्वच शाखांत असतात. पण ‘उपयोग’ केव्हा मोजायचा, हा खरा पेच आहे.

याच शहरातील दोन उदाहरणे घ्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन त्याच वर्षी ऑक्टोबरात येथे आले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत कामाला लागले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्रश्न समोर, उत्तर काही महिन्यांत, उपयोग तत्काळ. करदात्याला आवडणारे संशोधन ते हेच.

दुसरे उदाहरण कुलाब्याच्या वेधशाळेचे. तेथे एकोणिसाव्या शतकात माणसे ठरावीक वेळांनी चुंबकसूचीकडे डोळ्यांनी पाहून आकडे हाताने लिहीत असत. २ सप्टेंबर १८५९ रोजी त्या आकड्यांत अचानक फार मोठी घसरण दिसली. आजच्या एककात सुमारे १६०० नॅनोटेस्ला. सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर आलेल्या चुंबकीय वादळाची ती नोंद होती. त्या काळी तिचा व्यावहारिक उपयोग शून्य होता. १९८९ मध्ये याहून बऱ्याच सौम्य वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज सुमारे नऊ तास बंद पडली आणि मोठे वादळ किती मोठे असू शकते हा प्रश्न वीजपुरवठा व उपग्रह सांभाळणाऱ्यांच्या पुढे उभा राहिला, तेव्हा शास्त्रज्ञ कुलाब्याच्या नोंदवह्यांकडे वळले. त्यांवर आधारलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी.

या वेधशाळेची आणखी एक हकीकत मला फार आवडते. मुंबईत ट्राम विजेवर धावणार असे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहामुळे चुंबकीय मोजमाप बिघडेल म्हणून हे काम १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आले. नेतानाही दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांशी जोडता यावेत. ट्रामसाठी विज्ञानाने जागा सोडली, पण नोंदीचा धागा तुटू दिला नाही. हा धागा कोणत्या शतकात कामी येईल, हे तेव्हाच्या हिशेबनिसाला सांगता आले नसते. दादरच्या करदात्यालाही सांगता येणार नाही. म्हणून खर्चाला कात्री लावायचीच असेल, तर विषयाच्या नावाला न लावता ढिसाळ कामाला लावावी.

प्रश्न : समाजशास्त्रात लोकांना प्रश्न विचारून निष्कर्ष काढतात. लोक सर्रास खोटे बोलतात. मग त्या निष्कर्षांना अर्थ काय?
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : लोक खोटे बोलतात, विसरतात आणि समोरच्याला बरे वाटेल असेही सांगतात. हे आपल्याआधी लोकसंख्याशास्त्रज्ञांनी हेरले आणि चुकीचेच मोजमाप घेण्याची युक्ती काढली. वय विचारले असता अनेक जण तीस, पस्तीस, चाळीस असे गोल आकडे सांगतात. तेवीस ते बासष्ट या वयोगटात शून्य किंवा पाचने संपणारी वये सांगणारे प्रत्यक्षात एक पंचमांशाच्या आसपास असायला हवेत. जितके जास्त निघतील तितकी माहिती कमी विश्वासार्ह. व्हिपल निर्देशांक तो हाच, त्यात हे अपेक्षित प्रमाण १०० धरतात : १०० आला तर वये गोल करण्याकडे कल नाही, ५०० आला तर सर्वांनीच गोल वय सांगितले.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम असते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची माहिती घेण्यात आली. तेथे केवळ प्रश्न विचारून थांबले नाहीत. त्या फेरीत उंची, वजन, रक्तातील हिमोग्लोबिन प्रत्यक्ष मोजले गेले. याउलट एखादा अभ्यासक एकाच वस्तीत वर्षभर राहून पन्नासच माणसांशी बोलतो, आणि लोक जे सांगतात व जे करतात त्यांतला फरकच त्याच्या अभ्यासाचा विषय होतो. पहिल्याला देशाचे प्रमाण सांगता येते, दुसऱ्याला त्यामागचे कारण. एकाचे काम दुसऱ्याकडून मागितले, तर दोघेही नापास होतात.

प्रश्न : मी गणितात एम.एस्सी. केले आहे, पण ओढा इतिहासाकडे आहे. शाखा ओलांडणे शक्य आहे का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये ज्यांनी सुरू केला, ते पॅट्रिक गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये विभागाची सूत्रे घेणारे गो. स. घुर्ये संस्कृतचे एम.ए. होते. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे पुढे बर्लिनला जाऊन मानवी कवट्यांची मोजमापे घेऊ लागल्या. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत होते.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. ते १९४६ ते १९६२ या काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. प्राचीन आहत, म्हणजे ठसे ठोकून चिन्हे उमटवलेल्या, नाण्यांकडे त्यांनी संख्याशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. नाणे हातोहाती फिरताना झिजते, म्हणजे वजन घटते. शिवाय सर्व नाणी सारखी झिजत नसल्याने वजनांतील तफावतही वाढत जाते. तेव्हा एकाच साठ्यातील निरनिराळ्या गटांची वजने पाहून कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची, हे ठरवण्याचा मार्ग निघतो. ही कल्पना खरी आहे का, हे तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलली. याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि जनुकांतील अंतर काढण्याचे १९४४ मधील त्यांचे सूत्र आनुवंशिकीत आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

तरी सावध करतो. कोसंबींना संस्कृत येत होते. गणिताच्या जोरावर त्यांनी ते टाळले नाही. आपल्याला मराठेकालीन अर्थव्यवहारात रस असेल, तर प्रवेशअर्ज भरण्याआधी मोडी लिपी शिकावी आणि फोर्टमधील राज्य पुराभिलेखागारात काही दिवस बसून कागद वाचता येतात का, हे पाहावे. नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. लिपी शिकण्यात त्यातले एक वर्ष घालवणे परवडणारे नाही. दुसऱ्या शाखेच्या पदवीवर प्रवेश मिळतो की नाही, हे त्या त्या विभागाकडे लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : सामान्य वाचकाला हे प्रबंध कोठे वाचायला मिळतील?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य उपलब्ध असतात. विद्यापीठाचे किंवा विषयाचे नाव घालून शोधता येते, आणि मराठीतून लिहिलेले प्रबंधही तेथे आहेत. पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. संशोधनपद्धतीचे प्रकरण आधी उघडावे. ते जर चार पानांत उरकलेले असेल, तर पुढचा प्रबंध शोधावा.