तैवानच्या लोकांना नक्की हवंय तरी काय, चीन की स्वातंत्र्य? आणि मुलीला तिकडे एमएसला पाठवावं का?

पहिला प्रश्न आमच्या साडूंनी 2023 च्या गौरीजेवणात मला विचारला होता आणि माझं ऐकून न घेता निकालही लावला होता, "घाबरट आहेत, झालं." बायकोने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. आज लिहितो.

मी तीन वर्षं तैवानमधल्या शिंचूला चिप कंपनीत होतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैपेईला येऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी, 4 तारखेला, चीनने बेटाभोवतीच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली. सांगलीहून आईचे दिवसात सहा फोन. तिच्या टीव्हीवर युद्ध सुरू झालंच होतं. शिंचूच्या हवाई तळावरून मिराज लढाऊ विमानं उडाली की खिडकीच्या काचा थरथरायच्या, ते एरवीचंच, पण त्या दिवशी टरकलो. पासपोर्ट खिशात टाकून खाली घरमालकीणबाईंकडे गेलो.

साठी उलटलेल्या बाई ओट्याशी पातीचा कांदा चिरत होत्या. माझं मोडकंतोडकं चिनी ऐकून घेतलं आणि हातातली सुरी माझ्यापुढे धरली. जड, काळपट पातं. किनमेनची सुरी. हे बेट तैवानकडे, पण चीनच्या किनाऱ्याला खेटून. 1958 मध्ये चीनने त्याच्यावर तोफगोळ्यांचा पाऊस पाडला, मग एक दिवसाआड मारा 1979 उजाडेपर्यंत चालू. (पुढे पुढे गोळ्यांतून नुसती पत्रकं यायची.) त्याच गोळ्यांच्या पोलादाच्या सुऱ्या तिथले लोहार करून विकतात. बाईंच्या यजमानांची सक्तीची लष्करी नोकरी तिथेच झालेली. "माझ्या लग्नाच्या आधीपासून चाललंय हे," म्हणाल्या. आणि वर, "या महिन्याचं भाडं राहिलंय तुझं."

तर उत्तर. तैपेईचं राष्ट्रीय चंगची विद्यापीठ गेली तीस वर्षं लोकांना हेच विचारतंय. "आहे तसं राहू दे" म्हणणारे बहुसंख्य. लगेच चीनमध्ये सामील होऊ म्हणणारे शंभरात एखाद-दोन, लगेच स्वातंत्र्य जाहीर करा म्हणणारेही मूठभर. पण स्वतःला फक्त तैवानी म्हणवणारे 1992 मध्ये पाचात एकही नव्हते, आता साठ टक्क्यांच्या वर आहेत. मनाने वेगळे झालेत, पाटी तेवढी बदलत नाहीत, म्हणजे स्वातंत्र्य जाहीर करत नाहीत. बदलली की चीनच्या हाती 2005 चा फुटीरताविरोधी कायदा तयार आहे, त्यात बळ वापरायची मुभा आहे. आणि अमेरिकेच्या 1979 च्या कायद्यात शस्त्रं पुरवण्याचं लिहिलंय, लढायला येऊ असा शब्द कुठेही नाही. अशा वेळी पाटीला हात न लावणं हा हिशेब आहे, भित्रेपणा नव्हे. साडू आठ वर्षं सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद नको म्हणून गाडी रस्त्यावर लावतात, त्याला मात्र ते समजूतदारपणा म्हणतात.

मुलीला पाठवा. मला विचाराल तर काळजी भूकंपाची करा.

आता हेही खरं, की शिंचू इंजिनियरांचं गाव आणि माझं चिनी भाजीबाजारापुरतं. दक्षिणेकडे कदाचित वेगळं ऐकायला मिळेल. आणि 2024 पासून तिथल्या पोरांची लष्करी नोकरी चार महिन्यांची एक वर्ष झालीय, म्हणजे सरकार काही आमच्या बाईंइतकं निवांत नाही.

येताना तसलीच एक सुरी मी बॅगेतून आणली. परवा साडू आले होते, तिनेच कापलेलं अर्धं कलिंगड खाऊन गेले. सुरी कशाची आहे ते मी सांगितलं नाही.