बांडगूळ नक्की कोण?

प्रश्न : सोसायटीतल्या आंब्यावर बांडगूळ माजलंय. माळी दरवर्षी ओरबाडून काढतो, तरी पुन्हा येतंच. शेजारच्या फांदीवर आमरी (ऑर्किड) आहे. तीही काढायची का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आमरीला हात लावू नका. तिची मुळं सालीवरून फिरतात, आत शिरत नाहीत. पाणी ती पावसाचं आणि दमट हवेचं घेते. आंब्याकडून घेते फक्त बसायला जागा.

बांडगुळाची पानं हिरवी असतात, अन्न तेच बनवतं. पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या लाकडात घुसवलेल्या मुळांनी ओढतं. म्हणून त्याच्या पुढचा शेंडा वाळत जातो. ते चिकटलंय तिथे फांदी गाठीसारखी फुगलेली दिसेल. माळी ओरबाडतो तो वरचा पाला. गाठीतली मुळं तशीच राहतात आणि फुटतात. गाठीपासून खोडाच्या बाजूला एक-दीड फूट सोडून फांदीच करवतीने कापा, तीही बांडगुळाला फळं धरण्याआधी. फुलटोच्या पक्षी ती फळं खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीवर पुसून ठेवतो. (आंब्याला लुटणारं हे झुडूप फुलटोच्याशी मात्र चोख देवाणघेवाण करतं.)

कापलेल्या जागी बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा : 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा आणि त्याच दिवशी वापरा. लोखंडी बादली नको, मोरचूद ती खातं. करवतीआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या.

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा दीड वर्ष आमच्याकडे राहतोय. सासूबाई त्याला बांडगूळ म्हणतात. निसर्गातही सगळे एकमेकांच्या आधारानेच जगतात ना?
— एक वाचिका, नेरूळ

उत्तर : जगतात, पण हिशेब ठेवून. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात, झाड त्यांना साखर पुरवतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाठींभोवतीच्या हवेतला नत्रच काढून घेतला. जिवाणू काही देईनात, तेव्हा झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला. खरं तर जिवाणूंचा दोष नव्हता. झाड कारण विचारत नाही. तुम्ही विचारू शकता. तो शिकतोय, नोकरी शोधतोय, की नुसताच आहे?

दोन महिने वहीत लिहा. एका बाजूला त्याच्यामुळे वाढलेलं वाणसामान, सिलिंडर, लाइटबिल. दुसऱ्या बाजूला तो करतो ती कामं : दळण, मुलांना क्लासला सोडणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं. माहेरच्या माणसाचं खाणं डोळ्यांवर येतं, कामं दिसत नाहीत, म्हणून वही. कमावता असेल तर ठरावीक रक्कम, पगाराच्या दिवशी. नसेल तर दोन कामं पूर्णपणे त्याची. ‘जमलं तर कर’ म्हणू नका, तिथेच सगळं फिसकटतं. किती महिने राहणार, तेही ठरवा. आणि हे बोलणं सासूबाईंसमोरच होऊ द्या.