चुना उडालेला डोळा आणि स्टेम सेल

प्रश्न : पुतण्या २४ वर्षांचा आहे. मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीनाशक फवारणीसाठी) चुना कालवताना उजव्या डोळ्यात उडाला. आता बुबुळ पांढरं पडलंय, वर लाल शिरा चढल्यात, नुसता उजेड-अंधार कळतो. डावा चांगला आहे. डॉक्टर म्हणतात नेत्रदानातलं बुबुळ लगेच टिकणार नाही, आधी चांगल्या डोळ्यातल्या स्टेम सेल (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) घेऊ. स्टेम सेलच्या जाहिराती तर ऑटिझमपासून गुडघ्यापर्यंत दिसतात, हे पण तसलंच का?
– एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर : दादा, एकच डोळा उरलाय म्हटल्यावर त्याला हात लावू द्यायची भीती वाटणारच. पण तुम्हाला बरोबर सांगितलंय. ऑटिझमसाठी स्टेम सेलची इंजेक्शनं देऊ नका असं आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषदच सांगते, डोळ्याची गोष्ट मात्र खूप वेगळी आहे, इथं काय बिघडलं आणि कोणत्या पेशी लागतात हे नीट माहीत आहे.

बुबुळावरचा पातळ थर सारखा झिजतो आणि नवा येतो. त्याच्या स्टेम सेल असतात बुबुळ आणि पांढऱ्या भागाच्या मधल्या गोल कडेला, तिला लिंबस म्हणतात. चुना आत आत मुरत जातो आणि ती कडच जाळतो, मग पांढऱ्यावरचा थर शिरांसकट बुबुळावर सरकतो, तेच तुम्हाला दिसतंय. अशा डोळ्यात नवं बुबुळ बसवलं तरी वरचा थर पुरवणारं कोणी नाही, म्हणून तेही गढूळ होतं. बी संपलेल्या वाफ्यात नुसती माती बदलून काय उगवणार!

१९९७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी या पेशी लॅबमध्ये वाढवून दोन रुग्णांच्या भाजलेल्या डोळ्यांवर बसवल्या. पण त्याला लॅब लागते, खर्च येतो. मग २०१२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. विरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी स्लेट नावाची साधी पद्धत मांडली, आणि मला याचं खरंच फार कौतुक वाटतं. चांगल्या डोळ्याच्या कडेचा साधारण २ मिमीचा तुकडा घेतात, त्याचे ८-१० बारीक कण करतात, जखमी बुबुळावर बाळंतपणातल्या वारेच्या आतलं पातळ आवरण पसरून त्यावर ते चिकटवतात, पेशी तिथंच डोळ्यात वाढतात, लॅबची गरजच नाही. २०१६ ला प्रसिद्ध झालेल्या १२५ रुग्णांच्या अभ्यासात ७६ टक्के लोकांना यश आलं, म्हणजे प्रत्येकाला येत नाही, हे मुलाला आधीच सांगा. बुबुळात खोल डाग असेल तर नेत्रदानातलं बुबुळ नंतर बसवावं लागू शकतं.

चांगल्या डोळ्यातून अगदी थोडंच घेतात, पण त्यालाही त्या दिवशी थोडा चुना लागला होता का, हे आधी तपासून घ्या. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळाच्या, तज्ज्ञांनाच दाखवा, पहिल्या दिवसापासूनचे कागद न्या.

आणि बागेत फवारणीच्या टाकीशेजारी स्वच्छ पाण्याचा ड्रम ठेवाच. डोळ्यात चुना उडाला की पापण्या उघडून निदान अर्धा तास पाणी मारत राहायचं, कण दिसले तर धुऊन काढायचे, मगच गाडी काढायची.