आजेसासूबाईंच्या काळातलं घर आणि हात फक्त दोन

“नोकरी सोडली, घर १९५५ सालच्यासारखं चालवायचं ठरवलं. मला हे मनापासून आवडतं. मग संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांवर खेकसायला का लागते? आणि नवरा म्हणतो तशी मी खरंच मागे चाललेय का?”

हा प्रश्न समुपदेशनात हल्ली बऱ्याचदा येतो. त्यातलंच हे एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पुण्यातली छत्तीस वर्षांची बाई. अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, रात्री दहानंतरचे कॉल, शेवटी राजीनामा. घरात नवरा, सात वर्षांची मुलगी आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजेसासूबाई. आजींचा संसार गिरगावातल्या चाळीत झालेला. हिची सुरुवात मात्र परदेशी रील्सपासून झाली: ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक, झालरीचा एप्रन, ओव्हनमधला केक. महिनाभरात तो नाद ओसरला आणि तिची नजर आजींच्या काळाकडे वळली. मिक्सर माळ्यावर गेला, वॉशिंग मशीनवर चादर पडली. पाटा-वरवंटा, पितळी पातेली, शिकेकाई आणि कांजीच्या साड्या घरात आल्या. पहाटे पावणेपाचला दिवस सुरू. चौथ्या महिन्यात कंबर धरली आणि मुलीचा डबा रोज उशिरा होऊ लागला. नवऱ्याचं दुखणं वेगळंच होतं. “शेजारी विचारतात, बायकोला असं राबवतोस का रे? मी तर हिला काही करायलाच सांगितलं नाही!”

आधी एक गोष्ट तपासावी लागते. ही आवड आहे, की आतल्या उदासीला दिलेलं काम? त्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रचलित प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणं वगैरे. बेरीज ० ते २७ मध्ये येते. १० किंवा त्याहून जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. जीव नकोसा होण्याबद्दलच्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी त्यावर बोलायचं. घरी असताना असं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. हिची बेरीज दहाच्या आत होती. झोप ठीक, मैत्रिणींशी बोलणं चालू. आवड खरी होती. वर्षानुवर्षं पडद्यावर न संपणारं काम केल्यावर सारवलेल्यासारखी स्वच्छ फरशी आणि भरलेली बरणी डोळ्यांना दिसते, याचं सुख कमी लेखण्यासारखं नाही.

अडचण नियमात होती. मिक्सर एकदा वापरला की “मग ते खरं नाही ठरणार”, असं ती म्हणे. ऑफिसात एकही चूक सुटू न देण्याची सवय तिनं जशीच्या तशी स्वयंपाकघरात आणली होती. शिवाय ज्या काळाची नक्कल चालली होती तो नीट विचारलेलाच नव्हता. म्हणून पहिल्या बैठकीनंतर गृहपाठ दिला: आजींना ‘तेव्हा किती छान होतं ना?’ असं विचारायचं नाही. कामांची यादी घेऊन बसायचं आणि प्रत्येक कामापुढे एवढंच विचारायचं, “हे कोण करायचं?”

उत्तरं आली ती अशी. घरात नऊ माणसं. दूध आरे या सरकारी डेअरीचं, काचेच्या बाटल्यांतून, ते केंद्रावरून दीर आणायचे. दळण विजेच्या गिरणीत. रेशनच्या रांगेत सासरे. धुण्याभांड्याला बाई. वाटण विधवा आत्याबाईंकडे. पापड-कुरडया मजल्यावरच्या सगळ्या बायका मिळून. आजींच्या वाट्याला पोळ्या, शिवण आणि मुलं. पुढे मिक्सर आला त्याच दिवशी पाटा मोरीत गेला, कपडे आपटायला! आजींनी शिवणाचे पैसेही घेतले होते, स्वतःच्या डब्यात. त्याच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तेव्हा ‘त्या काळची बाई फक्त घर बघायची’ ही समजूत मुळातच अर्धवट आहे. पाच-सहा माणसांत वाटलेलं काम एका बाईच्या अंगावर घेतलं, तर कंबर धरणारच. तिच्यात काही कमी आहे असा त्याचा अर्थ नाही.

मग दोन आठवडे रोज भरायची वही. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, त्यात काम, हात कोणाचा, आणि काम संपल्यावर कसं वाटलं ते उणे २ ते अधिक २ मध्ये. संध्याकाळी आठवून लिहायचं नाही, कारण दमलेलं मन सगळ्याच कामांना उणे देतं. दोन आठवडे सलग शून्याखाली राहिलेलं काम यंत्राकडे किंवा दुसऱ्या माणसाकडे जाईल, हे आधीच कबूल करून घेतलं. पाट्यावरची चटणी अधिक २. साडीला कांजी अधिक १. चादरी हातानं धुणं उणे २, आणि त्यालाच आठवड्याचे पाच तास जात होते. मशीनवरची चादर निघाली.

जे ठेवायचं ते नीट ठेवलं पाहिजे, नाहीतर तेच पुन्हा चिडचिडीचं कारण होतं. नवा पाटा किंवा नुकतीच टाकी लावलेला (छिन्नीनं खाचे पाडून खडबडीत केलेला) पाटा लगेच वापरला की दाताखाली कचकच येते. भिजवलेले तांदूळ आणि जाडं मीठ वाटून टाकून द्यायचं. वाटण करडं न दिसता पांढरं येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. वाटण घसरायला लागलं की टाकी बोथट झाली असं समजावं. फ्लॅटमध्ये पाट्याखाली गोणपाटाची दुहेरी घडी हवी: पाटा सरकत नाही आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही येत नाही. चौघांची चटणी पंधरा-वीस मिनिटांत होते. इडलीचं पीठ मात्र बिनदिक्कत मिक्सरमध्ये.

पितळेनं या घरात खरा गोंधळ घातला होता. तिनं कल्हई उडालेल्या पातेल्यात कढी केली, मुलीला उलट्या झाल्या, आणि ‘मला एवढंही जमत नाही’ म्हणून ही दोन दिवस रडत होती. न जमण्याचा प्रश्न नव्हता, आंबट पदार्थानं पितळेतलं तांबं सुटतं. आजी त्यालाच ‘कळकलं’ म्हणतात. आतून पिवळं दिसायला लागलं की ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो त्यात बंद. कल्हईवाला भांडं तापवून नवसागरानं साफ करतो आणि आत कथलाचा हात फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही आणि फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतायची. तारेची घासणी आत लावली तर कल्हई लवकर जाते. कल्हईवाला सहज सापडत नसेल, तर पितळ कोरड्या खाऊच्या डब्यांपुरतं ठेवावं आणि स्वयंपाक स्टीलमध्ये करावा.

कांजीला एका सुती साडीमागे दोन मोठे चमचे आरारूट. आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचं, मग लिटरभर उकळत्या पाण्यात ढवळत सोडायचं. पारदर्शक झालं की गाळून तीन-चार लिटर पाण्यात मिसळायचं. गाळलं नाही तर गुठळ्या राहतात आणि इस्त्रीखाली पांढरे डाग उमटतात. जून ते सप्टेंबर कांजी नाही: दमट हवेत बुरशी येते आणि कसर तर वाटच बघत असते.

वर्षाचं धान्य भरण्याचा बेत तीन महिन्यांवर आणला. तूरडाळीला किलोमागे एक छोटा चमचा एरंडेल पुरतं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला उलट ओल आणतो. तांदळाला बोरिक पावडर चोळायची जुनी पद्धत सोडून द्यावी, पोटात जाण्याची वस्तू नाही ती. पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाला सरळ नकार. बंद न्हाणीघरात कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो. आणि फ्रिज चालूच राहणार. या मुद्द्यावर आजी सर्वांत ठाम होत्या, मे महिन्यात दूध किती वेळा तापवायला लागायचं ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं.

राहता राहिला पैसा. अशा घरांत सगळ्यांत मोठी चूक इथे होते. भांडी जुनी आणली तरी चालेल, जुनं परावलंबन आणू नये. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं हिंदू स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेवर पूर्ण हक्क दिला. म्हणजे आजींची पिढीही या बाबतीत पुढेच निघाली होती. हिला सुचवलं ते असं. भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढून घरखर्चात घालायची नाही. पेन्शन योजनेत दहा वर्षांहून जास्त सेवा झाल्यामुळे पुढे पेन्शनचा हक्क आहे, तो कागदोपत्री नीट जपायचा. कंपनीचा आरोग्यविमा राजीनाम्यासोबत संपला होता, स्वतःची पॉलिसी लगेच घ्यायची. नवऱ्याचा मुदतीचा विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतला तर ती रक्कम त्याच्या कर्जदारांना ओढता येत नाही, पण हे पॉलिसी घेतानाच नोंदवावं लागतं. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. नवऱ्यानं भेट दिलेल्या पैशावरचं व्याज त्याच्या उत्पन्नात धरलं जातं, पण पीपीएफचं व्याज करमुक्त असल्यानं तिथे ही अडचण येत नाही. आणि फ्लॅटच्या करारनाम्यावर आपलं नाव आहे का, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे.

नवऱ्याशी वेगळं बोलणं झालं. “मागे चाललीस” हे वाक्य बंद करायला सांगितलं, त्यानं ती आणखी हट्टाला पेटत होती. त्याऐवजी त्याला आजींच्या सासऱ्यांचं आणि दिरांचं काम दिलं: दळण, भाजी, किराणा, आणि रविवारी पूर्ण स्वयंपाक. मग पोळीच्या आकारावर शेरे मारायचे नाहीत, हे तिला बजावलं. पहिल्या रविवारी जेवायला पावणेतीन वाजले, तरी ती ओट्याकडे गेली नाही. शेजाऱ्यांना काय सांगायचं हेही ठरलं: “तिला आवडतं, म्हणून करते.” एवढंच, लांबण नाही.

भांड्यांना बाई लावायला ती अजून पूर्ण राजी नाही, आजींकडे बाई होती हे ऐकूनसुद्धा. सध्या आठवड्यातून तीन दिवसांवर तडजोड आहे. आणि दर महिन्याला पगाराच्या तारखेला तिच्या खात्यात, हिशेब न विचारता जमा व्हायचा हातखर्च अजून ठरायचाय. नवरा म्हणतो, “लागेल तेवढे माग ना.” मागायचं नाही, हीच तिची अट आहे. पुढच्या बैठकीला दोघांनी आपापला आकडा वेगवेगळ्या कागदावर लिहून आणायचा आहे, एकमेकांना न दाखवता.